आधी नोंद, मग नाव: सातारा-सांगलीच्या प्राणिशास्त्र विभागांना खुले पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभागप्रमुख
तसेच प्राणिशास्त्र अभ्यासमंडळांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडच्या सहली कोकणात उतरू लागतात. सातारा-कराडच्या बस कुंभार्ली घाटाने चिपळूण-गुहागरकडे जातात, सांगली-मिरजेच्या आंबा घाटाने रत्नागिरीकडे. परत येताना खेकडे, शंख, समुद्रफुले, तारामासे यांच्या जोडीला दोन-चार समुद्री चपटे कृमी (पॉलिक्लॅडिडा गणातले, म्हणजे पॉलिक्लॅड) हमखास येतात, कारण कातळाखालून सरपटणारा रंगीत पापुद्रा दिसला की तो सोडवत नाही. अहवालात त्याच्या फोटोखाली ‘स्यूडोसेरॉस’ असे लिहिले जाते आणि बरणीवर ‘पॉलिक्लॅड, रत्नागिरी’ अशी चिठ्ठी लागते. हे पत्र त्या दोन-चार कृमींपुरतेच आहे.

आजवर यात फारसे बिघडत नव्हते. पण आता फील्ड प्रोजेक्ट आणि रिसर्च प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. विद्यार्थी ऊतीचा तुकडा सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरे वाचून घ्यायला, पाठवतात, संगणकावर जुळणी काढतात आणि पडद्यावर वर आलेले पहिले नाव प्रबंधात उतरवतात. म्हणजे पूर्वी चुकीचे नाव बरणीवर राहायचे, आता ते जनुकीय माहितीच्या पेढीत जाते आणि तिथून दुसरा विद्यार्थी ते उचलतो. म्हणून आमची मागणी एवढीच आहे: चपट्या कृमीला नाव सगळ्यात शेवटी द्यायचे. त्याआधी एकाच प्राण्याचा जिवंतपणीचा फोटो, अल्कोहोलमधला तुकडा आणि कापांसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ चकत्यांसाठी) नीट टिकवलेले शरीर या तीन गोष्टी एकाच क्रमांकाखाली जमा झाल्या पाहिजेत. त्या नसतील तर ‘पॉलिक्लॅडिडा, ओळख नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्या.

शब्दांचा एक घोळ इथेच निस्तरू. शालेय पुस्तकांच्या उतरंडीत कुल, मग प्रजाती, मग जाती असा क्रम आहे. म्हणजे प्रजाती हे जीनस आणि जाती हे स्पीशीज. वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापतात तेव्हा त्यांना स्पीशीज म्हणायचे असते. या पत्रात आम्ही शाळेचा क्रम पाळला आहे. अहवालात कोणताही एक क्रम पाळा, पण एकाच पानावर दोन्ही नकोत.

आता रंगाबद्दल. सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड वरून कितीही पिवळेधमक दिसले तरी जाणकार ते मोडून आतला गाभा बघतो. पॉलिक्लॅडच्या बाबतीत आपण वरच्या रंगावरच सौदा करतो. स्यूडोसेरॉस आणि स्यूडोबायसेरॉस या दोन प्रजाती दिसायला सख्ख्या बहिणी. पण पहिलीत नर जननांगांचा एक संच आणि एक छिद्र असते, दुसरीत दोन संच आणि दोन छिद्रे. हा फरक प्राणी उलटा केल्यावर, पोटाकडून, भिंगाखाली दिसतो. सहलीतले नव्वद टक्के फोटो पाठीचे असतात. त्यावरून जाती सोडाच, प्रजातीही ठरत नाही.

रंग दोन्ही बाजूंनी फसवतो. एकाच जातीत पिल्लू आणि प्रौढ वेगळे दिसतात. पातळ, अर्धपारदर्शक शरीरात नुकतेच खाल्लेले अन्न पाठीतून डोकावते आणि विद्यार्थी ते ‘तपकिरी नक्षी’ म्हणून नोंदवतो. उलट बाजूने, जननांगे आणि जनुके वेगळी असलेले प्राणी एकच वेष घेऊन हिंडतात. स्यूडोसेरॉस इमिटेटस ही जाती तर फिलिडिएला पुस्टुलोसा या विषारी समुद्रगोगलगायीची हुबेहूब नक्कल करते. कॅरिबियन समुद्रातल्या स्यूडोसेरॉस बायकलर आणि तिच्या भावंडांचा गुंता 2010 मध्ये 28एस या जनुकाच्या आधारे तपासला गेला, तेव्हा रंगावरून दिलेली नावे आणि जनुकांनी पाडलेले गट एकमेकांशी जुळले नाहीत. तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना जे जमले नाही ते आपल्याला रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या कातळावर, वीस मिनिटांत, मोबाइलच्या पडद्यावर कसे जमेल?

मग जातीची हद्द ठरते कशावर? आमच्या मते शरीर, जनुके आणि जीवनक्रम या तिन्हींचा कौल एका बाजूला पडला तरच हद्दीबद्दल बोलावे. जीवनक्रमाचा धागा आपल्याकडे जवळजवळ सुटलेलाच आहे. बहुतेक कोटिलिया उपगणातल्या अंड्यांतून म्युलरची अळी निघते, आठ पाळ्यांची, पाण्यात तरंगणारी. ॲकोटिलिया या दुसऱ्या उपगणात काहींची चार पाळ्यांची ग्योटेची अळी असते, पण बऱ्याच जातींत अळी नसतेच, अंड्यातून थेट छोटा कृमी सरपटत बाहेर येतो. रत्नागिरी ते मालवण किनाऱ्याने शंभरेक किलोमीटर. तरंगणाऱ्या अळीला हे अंतर ओलांडण्याची संधी असते. सरपटत निघालेल्या पिल्लाला मधल्या प्रत्येक पुळणीचा अडथळा आहे. त्यामुळे दोन ठिकाणच्या कृमींत जनुकीय फरक दिसला की आधी विचारायचे, हिची अळी कोणती? थेट वाढीच्या जातीत तेवढा फरक एकाच जातीच्या दोन वस्त्यांतलाही असू शकतो.

युरोपच्या किनाऱ्यावरचा मोनोसेलिस लिनिएटा हा वाळूतला बारीक चपटा कृमी याचे चांगले उदाहरण. तो पॉलिक्लॅड नाही, प्रोसेरिएटा गटातला आहे. अळी नाही, तरी भूमध्य समुद्रापासून अटलांटिकपर्यंत एकच जाती म्हणून त्याची नोंद होत असे. प्रथिनांच्या आणि पुढे जनुकांच्या तपासणीत त्या एका नावाखाली अनेक गुप्त जाती निघाल्या. शरीराच्या सरळ निरीक्षणात त्या वेगळ्या काढता येत नव्हत्या. म्हणजे एकट्या शरीरावर विसंबणेही पुरेसे नाही, आणि ‘जगभर आढळणारी जाती’ असे वाचले की जरा थबकावे. थायसॅनोझून ब्रॉकाय हे नाव आपल्याकडे कुठल्याही पाठीवर बोंडे असलेल्या कृमीला चिकटवले जाते. ती जाती रिसोने 1818 मध्ये भूमध्य समुद्रातून वर्णिली होती, एवढे लक्षात ठेवले तरी पेन्सिल आपोआप थांबेल.

आणि आपला किनारा नीट बघितला गेलेला नाही. मालदीव-लक्षद्वीपच्या चपट्या कृमींवर लेडलॉने 1902 मध्ये लिहिले. पण महाराष्ट्राच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून स्टायलोस्टोमम या प्रजातीतली नवी जाती वर्णिली गेली ती 2019 मध्ये. आपल्या बरण्यांत काहीतरी असेलही. पण आज त्या ज्या अवस्थेत भरल्या जातात, त्यात ते ओळखता येणार नाही.

आता कामाच्या गोष्टी. पहिली चूक बस सुटण्याच्या वेळेत आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला कोकण किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास असते आणि ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास. सांगलीहून पहाटे निघालेली गाडी पावणेदोनशे किलोमीटर कापून, मलकापूरला चहा घेऊन, ऐन भरतीला रत्नागिरीत पोचते. मुले वरच्या कोरड्या कातळावर तासभर फिरतात आणि दुपारी जेवायला जातात. चपटे कृमी खालच्या पट्ट्यात असतात, जिथला कातळ उधाणाच्या ओहोटीला तास-दीड तासच उघडा पडतो. म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा, पहाटेच्या ओहोटीला पाऊण तास आधी पाण्याच्या कडेला उभे राहा आणि पाणी फिरले की बाहेर या. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, सहल ठेवूच नका. तारखा कॉलेजच्या सोयीने नव्हे, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवा.

डोक्याएवढे धोंडे उलटा, खालची ओली बाजू बघा, विशेषतः जिथे स्पंज, ॲसिडियन, ब्रायोझोआ असे दगडाला चिकटून राहणारे प्राणी किंवा कालवांचे थर असतील तिथे. धोंडा पुन्हा होता तसाच ठेवायचा. उलटा राहिला तर खालची सगळी वस्ती दुपारच्या उन्हात मरते. कृमी चिमट्याने कधीही उचलू नये. तो चिमट्यात तुटतो आणि तुटला की घाबरून चिकट स्राव सोडतो. चित्रकलेचा मऊ ब्रश वापरा, किंवा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा पुढे धरा, तो स्वतःच त्यावर चढतो. एका पिशवीत एकच कृमी. दोन एकत्र ठेवले तर एकाचा स्राव दुसऱ्याच्या अंगाला लागतो, आणि पुढे डीएनएच्या कामात ही सरमिसळ कुठून आली ते कळत नाही. माशांबरोबर तर अजिबात नको. जपानमधल्या प्लानोसेरा मल्टिटेंटॅक्युलाटा या जातीत फुगामाशाचे टेट्रोडोटॉक्सिन हे विष सापडले आहे, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हातांत हातमोजे असू द्या. पिशव्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारी. थेट बर्फावर ठेवलेला कृमी अर्ध्या तासात विरघळू लागतो.

‘सांगलीला नेऊन सावकाश करू’ हे वाक्य या प्राण्याला लागू पडत नाही. मेलेला पॉलिक्लॅड काही तासांत शेंबडासारखा होतो. सगळे काम त्याच दिवशी, मुक्कामाच्या जागीच उरकायचे.

आधी गुंगी. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट 75 ग्रॅम, एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात. हे द्रावण आणि समुद्राचे पाणी निम्मे-निम्मे, पण एकदम नाही. कृमी समुद्राच्या पाण्यात पसरलेला असताना पंधरा-वीस मिनिटांत थोडे थोडे घालायचे. ब्रश लावल्यावर कड आखडली नाही की पुरे. इथली नेहमीची चूक बाटलीची. लेबलवर ‘ॲनहायड्रस’ असेल तर 75 नव्हे, सुमारे 35 ग्रॅम लागते; 75 टाकले तर द्रावण दुपटीहून तीव्र होते, कृमी आक्रसतो आणि सर म्हणतात ही पद्धत चालत नाही. शिवाय हे मीठ हवेतला ओलावा खाते. साताऱ्याच्या पावसाळ्यात सैल झाकणाखाली राहिलेल्या बाटलीत लगदा झाला असेल तर त्याचे वजन खोटे असते, नवी बाटली फोडा. द्राक्षबागेसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट चालेल का, असे तासगावकडचे विद्यार्थी विचारतातच. ते वेगळे मीठ आहे, त्याचे प्रमाण वेगळे, आणि शुद्धतेचा भरवसा नाही. नको.

गुंगीतल्या कृमीचे तीन फोटो: पाठ, पोट आणि पुढच्या कडेवरच्या खोट्या शिंगांचा जवळून. शेजारी मिलिमीटर पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. पोटाच्या फोटोत चूषक आणि जननछिद्रे दिसली पाहिजेत. दिसतच नसतील तर प्राणी बहुधा अपक्व आहे. त्याचे काप करूनही जननांगे मिळणार नाहीत. असा प्राणी समुद्राच्या ताज्या पाण्यात शुद्धीवर आणून परत सोडा.

मग डीएनएचा तुकडा. मागच्या कडेचा, मध्यरेषेपासून दूरचा, दोन-तीन मिलिमीटरचा. मध्यरेषा शाबूत राहिली पाहिजे, कारण ओळख तिथेच आहे. कड घ्यायचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: हे प्राणी ॲसिडियन, कालवे, बार्नेकल, ब्रायोझोआ खातात, आणि आतड्याचे फाटे शरीरभर पसरलेले असतात. पोटातला घास तुकड्यात आला तर सिक्वेन्स कृमीचा न येता कालवाचा येतो. मुक्काम वाढवणे शक्य असेल तर गुंगीआधी जिवंत कृमी दोन दिवस गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात उपाशी ठेवा, पाणी रोज बदला; ते जमत नसेल तर कड तीन वेळा स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या. तुकडा ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट अल्कोहोल, आणि चोवीस तासांनी ते एकदा बदलायचे, कारण पहिले अल्कोहोल ऊतीतल्या पाण्याने पातळ झालेले असते. डिनेचर्ड स्पिरिट नको. हँड सॅनिटायझर तर नकोच. त्यात पाणी, ग्लिसरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असते. उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याअभावी ॲब्सोल्यूट अल्कोहोल मिळत नसेल, तर 20 टक्के डीएमएसओ, 0.25 मोलर ईडीटीए आणि मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालून पीएच 8चे द्रावण करा. त्यात तुकडा फ्रीजशिवायही बराच काळ टिकतो.

उरलेले शरीर फॉर्मॅलीनमध्ये, आणि इथे सगळ्यांत जास्त नासाडी होते. जिवंत कृमी सरळ फॉर्मॅलीनच्या बाटलीत टाकला की तो गुंडाळून वाटाण्याएवढा होतो किंवा त्याचे तुकडे पडतात. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन यांनी रूढ केलेली गोठलेल्या फॉर्मॅलीनची पद्धत यावर उत्तम. समुद्राच्या पाण्यातले 10 टक्के फॉर्मॅलीन (बाजारच्या द्रावणाचा एक भाग, पाण्याचे नऊ, यात फॉर्माल्डिहाइड सुमारे 4 टक्केच असते, ‘40 टक्के’ हे बाजारच्या द्रावणातल्या फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण, फॉर्मॅलीनचे नव्हे) पेट्री डिशमध्ये गोठवून घ्यायचे. कृमी ओल्या फिल्टर पेपरवर पसरू द्यायचा आणि कागदासकट गोठलेल्या थरावर ठेवायचा. तो सपाटच गोठतो आणि थर वितळेल तसतसे फॉर्मॅलीन आत जाते. चोवीस तास तसाच ठेवून मग धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये.

अडचण प्रवासात येते. विभागाच्या फ्रीजरमध्ये नीट गोठलेली डिश रत्नागिरीत पोचेपर्यंत पाणी झालेली असते, आणि दोष पद्धतीला दिला जातो. समुद्राच्या पाण्यातले फॉर्मॅलीन शून्याखाली काही अंशांवर गोठते. साधा बर्फ शून्यावर असतो, तो त्याला धरून ठेवूच शकत नाही. जुन्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये करतात तेच करा: तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग खडेमीठ. तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत सहज उतरते. डिश चिकटपट्टीने बंद, दोन पिशव्यांत, डबा बसच्या सामानाच्या कप्प्यात. लॉजच्या, मेसच्या किंवा कुणाच्या घरच्या खाण्याच्या फ्रीजमध्ये ही डिश कोणत्याही कारणाने ठेवू नका. काम उघड्या व्हरांड्यात करा.

काप कुठे करायचे, हा प्रश्न आपल्या भागात इतरांपेक्षा सोपा आहे, कारण मिरज शेजारी आहे. दवाखान्यांच्या गावात मायक्रोटोम चालवणाऱ्या सराईत हातांची कमतरता नाही. पण पॅथॉलॉजीच्या तंत्रज्ञाला ब्लॉक देताना स्वच्छ सांगा. रोजच्या सवयीने तो ब्लॉकचा पुढचा भाग तासून टाकतो, मधून एक-दोन काप घेतो आणि उरलेले मेण ठेवून देतो. त्याच्या कामाला तेवढे पुरते. आपल्याला मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचा एकही काप गमावून चालत नाही. जननछिद्रे असलेली तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी आधीच वेगळी कापा, ती उभी रोवा आणि 7 मायक्रॉनचे सलग काप मागा. सव्वाचारशेच्या वर काप होतात. प्रत्येक फितीचा क्रम स्लाइडवर पेन्सिलने लिहा, कारण एक फीत उलटी चढली की प्रोस्टेट पिशवी शुक्रनलिकेच्या वाटेतच बसलेली आहे की स्वतंत्र नळीने जोडलेली आहे, हे सांगता येत नाही. आणि पॉलिक्लॅडच्या वर्गीकरणात हा फरक मोठा आहे. डोळ्यांची मांडणी मात्र कापांआधीच बघून घ्या: पुढचा भाग मिथाइल सॅलिसिलेटमध्ये, म्हणजे विंटरग्रीन तेलात, पारदर्शक करून मेंदूवरचे, शिंगांतले आणि कडेचे डोळे मोजून चित्र काढा. काप झाल्यावर ते चित्र पुन्हा काढता येत नाही.

आता पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या भरपूर प्रती काढणे. कृमीच्या स्रावातल्या बहुशर्करा (पॉलिसॅकराइड) डीएनएबरोबर उतरतात आणि पीसीआर अडवतात. जेलवर काही दिसले नाही की विद्यार्थी आणखी डीएनए ओततो, म्हणजे अडथळाच वाढवतो. उलट करा: सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने डीएनए काढा, तो दहापट आणि पन्नासपट पातळ करून बघा, मिश्रणात थोडे बीएसए हे प्रथिन घाला. सीओआय या मायटोकाँड्रियातल्या जनुकासाठी 1994 पासून सर्रास वापरले जाणारे फोल्मरचे प्राइमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) चपट्या कृमींवर अनेकदा बसत नाहीत आणि पोटातल्या कालवावर मात्र छान बसतात. म्हणूनच ‘पीसीआर पहिल्याच फटक्यात झाले’ याचा आनंद जरा आवरता घ्यावा. पॉलिक्लॅडसाठी खास बनवलेले प्राइमर जपानी अभ्यासकांनी प्रसिद्ध केले आहेत, ते मागवा. जोडीला 28एसचा सुरुवातीचा, सुमारे हजार अक्षरांचा भाग घ्या. 28एस हळू बदलतो, सीओआय भराभर. पहिल्याने कुल-प्रजाती उमगते, दुसऱ्याने जवळच्या नात्यांचा गुंता. एकट्यावर भागत नाही.

सीओआयचा सिक्वेन्स आला की त्याचे प्रथिनात भाषांतर करून बघतात. इथे संगणकात तीन-तीन अक्षरांच्या भाषांतराचा कोणता तक्ता निवडला यावर सगळे अवलंबून आहे. चपट्या कृमींच्या मायटोकाँड्रियाचा तक्ता क्रमांक 9 आहे. प्रमाण तक्ता लावला तर टीजीए हे अक्षरत्रय मध्येच ‘थांबा’ म्हणते. पृष्ठवंशींचा तक्ता 2 लावला तर एजीए आणि एजीजी थांबवतात. विद्यार्थी घाबरून अक्षरे ‘दुरुस्त’ करतो, म्हणजे चांगला सिक्वेन्स हाताने बिघडवतो. तक्ता 5 जास्त फसवा, कारण तो कुठेच थांबत नाही. एएएचे भाषांतर ॲस्पॅराजिनऐवजी लायसिन आणि एटीएचे आयसोल्यूसिनऐवजी मेथिओनिन असे करतो आणि चूक कुणाच्या ध्यानात येत नाही. तक्ता 9 लावूनही मध्ये टीएए किंवा टीएजी आले, तर मात्र तो मायटोकाँड्रियाचा खरा जनुक नसून केंद्रकात जाऊन पडलेली जुनी प्रत असण्याची शंका घ्या.

राहिले टक्के. 2003 मध्ये पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे 200 पतंग-जातींवर, सीओआयमध्ये 3 टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळी जाती, अशी रेघ वापरली; ती आपल्याकडे सरसकट नियम म्हणून शिकवली जाते. पतंगांची रेघ कृमींना का लागू व्हावी? शिवाय हिशेब बघा: 658 अक्षरांत 3 टक्के म्हणजे वीस अक्षरे. क्रोमॅटोग्रामच्या (सिक्वेन्सिंग यंत्राने काढलेल्या आलेखाच्या) दोन्ही टोकांची अस्पष्ट अक्षरे छाटली नाहीत, तर दहा खोटे फरक सहज येतात, म्हणजे दीड टक्का हवेतून निर्माण झाला. दोन्ही बाजूंनी वाचलेला आणि डोळ्यांनी तपासलेला सिक्वेन्सच मोजा. एबीजीडी किंवा असॅप या संगणकीय पद्धती सिक्वेन्समधल्या फरकांतली पोकळी शोधून गट पाडतात. पण दोन कृमी रत्नागिरीचे आणि दोन मालवणचे घेतले तर पोकळी दिसणारच, कारण मधले कुणी आणलेलेच नाहीत. वेळणेश्वर, गणपतीपुळे, मिऱ्या, कुणकेश्वर, मालवण अशी साखळी आणि प्रत्येक ठिकाणचे पाच-सहा प्राणी, एवढे तरी हवे. त्यानंतरच एका वस्तीतली विविधता किती आणि दोन वस्त्यांमधली किती, याची तुलना करता येते. एवढे प्राणी एका कॉलेजला, एका सहलीत जमवणे अवघड आहे आणि तसा प्रयत्नही करू नये.

आणि पेढीतली जुळणी. 99 टक्के जुळणी म्हणजे तुमचा सिक्वेन्स तिथल्या एका सिक्वेन्ससारखा आहे, इतकेच. त्यावरचे नाव कुणी, कोणत्या प्राण्याचे काप बघून दिले, हे त्या पानावर बहुधा नसते. 84 टक्के जुळणीवर नाव लिहिणाऱ्याला तर गुण कापूनच समजवावे लागेल.

म्हणून अभ्यासमंडळांना आणि विभागप्रमुखांना विनंती. ‘प्रत्येक विद्यार्थ्याने एक नमुना सादर करावा’ ही अट काढून टाका. चाळीस मुलांच्या वर्गाने चाळीस कृमी मारायचे आणि त्यातल्या एकाचेही काप व्हायचे नाहीत, याला काही अर्थ नाही. एका तुकडीने सहा प्राणी घ्यावेत, सहाही पूर्ण नोंदीसह, आणि अंड्यांचा पापुद्रा दगडावर मिळाला तर तो पेल्यात ठेवून, पाणी बदलत, कोणती अळी निघते ते पाहावे. या शेवटच्या कामाला यंत्र लागत नाही, सूक्ष्मदर्शक पुरतो, आणि आपल्या किनाऱ्याबद्दल हीच माहिती सगळ्यात तुटपुंजी आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या विभागांनी कातळ वाटून घ्यावेत: साताऱ्याकडच्यांनी गुहागरची बाजू, सांगलीकडच्यांनी रत्नागिरी-देवगडची. क्रमांकांची पद्धत एक, वही एक, तुकडे एका फ्रीजरमध्ये. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय धोंडाही उलटायचा नाही. आणि खरेच नवी जाती हाती लागली, तर जैवविविधता कायदा 2002च्या कलम 39 प्रमाणे तिचा नमुना नेमलेल्या भांडारात जमा करावा लागतो. त्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पुण्यातले पश्चिम विभागीय केंद्र आपल्याला सर्वांत जवळ. कॉलेजच्या काचेच्या कपाटात ती शोभेला ठेवता येत नाही.

त्या कपाटांतल्या जुन्या बरण्यांचे काय, हे विचारले जाईलच. फेकू नका. फॉर्मॅलीनमधल्या कृमीतून डीएनए काढायचा खटाटोप करू नका, पण त्याचे काप अजून होऊ शकतात. बरणीत पीएच कागद बुडवा. आम्ल झालेले असेल, किंवा थंडीत तळाशी पांढरा साका बसला असेल, तर प्राणी हलकेच काढून काही तास पाण्यात धुवा आणि 30, 50 अशा पायऱ्यांनी 70 टक्के अल्कोहोलवर आणा. जुनी चिठ्ठी वाचता येत नसली तरी ती त्याच बरणीत राहू द्या. नवी चिठ्ठी जाड कागदावर, शिसपेन्सिलने लिहून आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये आठवड्यात उतरते आणि बाहेरचे मार्कर पहिल्या गळतीला पुसले जाते. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्या तुकडीचे वर्ष. जे माहीत नाही तिथे रेघ ओढा, अंदाजाने काही भरू नका. नावाची ओळ कोरी ठेवा.

आपले,
सातारा-सांगली परिसरात प्राणिशास्त्र शिकवणारे आणि चपट्या कृमींवर काम करणारे काही शिक्षक